परसात पाय ठेवू नका

मी घोळ बोलतेय. मागच्या दाराच्या पायरीपासून चार पावलांवर, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, जमिनीला चिकटून पसरलेली जाड पानांची एक भाजी. माझ्या नावावरून कोणाला कोटी सुचली असेल तर कृपा करून ती मनातच ठेवा. आज हसायचं बळ माझ्यात नाही. कडेची पानं आतून पाणचट होत चालली आहेत आणि बोलायला किती वेळ उरलाय ते मला नीट कळत नाही. म्हणून भराभर सांगते. मध्येच अडखळले तर सांभाळून घ्या.

मला कोणी पेरलं नाही. आमच्यात कोणालाच कोणी पेरत नाही. माझं बी मोहरीहूनही बारीक, काळंभोर. कोणाच्या तरी चपलेला चिकटून आलं असेल, नाहीतर एखाद्या कुंडीच्या मातीतून. कितीतरी दिवस ते तसंच पडून होतं. मग एका दुपारी कोणीतरी बादलीभर पाणी मागे फेकलं आणि मी डोकं वर काढलं. वर काढलं म्हणजे काय, जरासंच. फार वर जायची आमची रीत नाही. आम्ही आडव्या वाढतो.

जागा तशी लहानशी. दोन बाजूंना भिंती, मागे पत्र्याचं कुंपण आणि समोर स्वयंपाकघराची खिडकी. ती खिडकी कधी बंद होत नाही, तिची कडी बिघडलेली आहे. त्यामुळे घरातलं सगळं मला ऐकू येतं. कोण काय बोललं, कोण काय बोललं नाही, सगळं. कधीकधी वाटतं, ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं.

घरात माणसं तीन. सासूबाई, सासरे आणि सून. मुलगा दूरच्या शहरात नोकरीला. महिन्यातून एकदा येतो, दोन दिवस झोपतो आणि डबे घेऊन परत जातो.

सासूबाई तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होत्या. नळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, आम्लाच्या कपाटाची किल्ली सांभाळायची. निवृत्त झाल्या तेव्हा किल्ली परत केली, पण सवय काही परत करता आली नाही. मीठ, साखर, खायचा सोडा, सगळ्यावर चिठ्ठ्या. आणि घरातल्या बरण्या संपल्या तेव्हा त्या आमच्याकडे वळल्या.

मला तो दिवस चांगला आठवतो. त्या पाट घेऊन आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि माझी एक फांदी कट्कन मोडली. मी कळवळले. पण त्या मोडल्या जागेकडे एकटक बघत राहिल्या. "पाणी आलं," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "पांढरा चीक नाही." मग ते पाणी मनगटावर चोळलं. दुसऱ्या दिवशी ओठाला लावलं. तिसऱ्या दिवशी नखाएवढं पान चावून थुंकलं. आठव्या दिवशी माझ्या देठाला लोकरीचा हिरवा दोरा बांधला. हिरवा म्हणजे खायचं. लाल म्हणजे हात लावायचा नाही. निळा म्हणजे अजून खात्री नाही.

लाल दोरा माझ्या शेजारणीला मिळाला. दुरून बघाल तर ती माझी सख्खी बहीण वाटेल. तशीच लालसर, तशीच पसरलेली. पण तिचं पान पातळ, आणि मोडलं की पांढराशुभ्र चीक. तो पोटात गेला की उलट्या. सासूबाई तिला 'चिकाळ' म्हणायच्या आणि तिच्याजवळ बसताना पदर आवरून घ्यायच्या. पलीकडे तांदुळजा, कुंपणाशी पानांवर पीठ सांडल्यासारखा दिसणारा चाकवत, पायरीच्या फटीत तीन-तीन पानांची आंबुटी. सगळ्यांना हिरवा दोरा. तण म्हणून जन्माला आलो आणि बघता बघता आम्ही कामाची माणसं झालो.

माझी खरी गट्टी जमली ती सुनेशी. तिला पाचवा महिना चालू आहे. अंगाने बारीक, आणि दचकणं तर असं की कुकरची शिट्टी झाली तरी हात छातीवर. सासूबाई तिला रोज संध्याकाळी मागे आणायच्या आणि परीक्षा घ्यायच्या.

"सांग, ही कोण?"

"घोळ."

"कशावरून?"

"हिरवा दोरा आहे ना."

"दोरा मी बांधलाय, पोरी. वाऱ्यानं सुटला तर उपाशी राहशील? नीट बघ."

मग ती खाली वाकायची, एक हात पोटावर ठेवून. "खोड लालसर, गोल, गुळगुळीत. पान जाड, चिमटीत दाबलं की रस निघतो. मोडलं की पाणी. चवीला आंबट."

"मुळासकट उपटायचं?"

"नाही. वरचे शेंडे खुडायचे. खाली ठेवलं तर परत फुटते."

"शाबास. आता पास."

आणि एक नियम होता. ज्यानं खुडलं त्यानं आधी खायचं, तेही एकच घास. बाकीच्यांनी तासभर थांबायचं. सून एकदा कुरकुरली, "आई, आठव्यांदा खातोय आपण ही. ताटात गार होते हो भाजी."

"भाजी गार झाली तर चालेल," सासूबाई म्हणाल्या, "माणूस होता कामा नये."

हे ऐकून मला हसू आलं होतं. आता येत नाही.

सासरे नकाशे काढायचे. आयुष्यभर मोठाल्या कागदांवर सरळ रेघा ओढल्या, त्यामुळे वाकडंतिकडं वाढणारं त्यांना सोसत नाही. ते मोजपट्टी घेऊन मागे यायचे, जमिनीवर खडूने चौकोन आखायचे. त्यांना इथे फरशी बसवायची होती. "बाळ रांगायला लागेल, त्याला स्वच्छ जागा नको?" म्हणायचे. मनाने वाईट नाहीत हो ते. मला ओलांडताना पाय उचलून टाकायचे.

पण अकरा दिवसांपूर्वी जेवताना वाद झाला. मी खिडकीतून सगळं ऐकलं. सासरे म्हणाले, "घरात काय कमी आहे म्हणून पोटुशी पोरीला तण खायला घालतेस? आपण काय गुरं आहोत?"

आत भांडं आपटल्याचा आवाज आला. मग सासूबाई म्हणाल्या, "गुरांना निदान चव कळते."

तिथून अबोला सुरू झाला. आणि या घरातला अबोला म्हणजे शांतता नव्हे. दोघं बोलायचे, पण सुनेमार्फत.

"सूनबाई, त्यांना सांग चहा झालाय." ते दोन हातांवर बसलेले.

"बाबा, चहा झालाय."

"तिला सांग, ऐकू आलं."

"आई, त्यांना ऐकू आलं."

आठवडाभर ती बिचारी इकडचे शब्द तिकडे आणि तिकडचे इकडे पोचवत होती. स्वतःचं काही बोलायला तिला फुरसतच मिळेना. कंबर दुखते, मळमळतं, भीती वाटते, हे सगळं ती मागे येऊन दोरीवरच्या ओल्या कपड्यांना सांगायची.

आता तो दिवस.

सकाळी सासूबाई सुनेला घेऊन तपासणीला गेल्या. घर रिकामं झालं. थोड्या वेळाने सासरे मागच्या दारात आले. तोंडाला रुमाल गुंडाळलेला, हातात फवारणीचा लहान पंप, खिशात एक काळी बाटली. मी त्यांना ओळखलंच नाही. रुमालाच्या वरचे डोळे तेवढे ओळखीचे.

त्यांनी पंपात पाणी भरलं. बाटलीचं टोपण भरून ओतलं. आमच्याकडे बघितलं, विचार केला, आणि आणखी एक ओतलं. मग आणखी एक. पंप हलवला. माझ्याजवळ आले तेव्हा त्यांना माझा हिरवा दोरा दिसला. हात थांबला. मला वाटलं, वाचले. पण त्यांनी मान दुसरीकडे वळवली आणि दट्ट्या दाबला.

आधी नुसतं गार वाटलं. खोटं कशाला सांगू, सकाळच्या उन्हात बरंच वाटलं. मग ते पानांतून आत शिरायला लागलं. दुखत नव्हतं, हीच सगळ्यात वाईट गोष्ट. ते शांतपणे, घाई न करता, खाली मुळाकडे निघालं होतं. बाहेरून मी होते तशीच टवटवीत. फवाऱ्याने धूळ धुतली गेल्यामुळे उलट जास्तच देखणी दिसत होते. "तीन दिवसांत पिवळं पडेल सगळं," सासरे पुटपुटले, "मग मीच उपटून टाकतो. कोणाला कळायचंसुद्धा नाही." रस्त्यावर कचऱ्याची गाडी आल्याचा भोंगा वाजला. ते बाटली आणि पंप दोन्ही घेऊन घाईने बाहेर गेले आणि हात झटकत परत आले.

दोघी परतल्या तेव्हा ते आत उभे होते. मला माहीत आहे, त्यांना सांगायचं होतं. त्यांनी घसा दोनदा खाकरला. पण सांगणार कसं? आधी बोलेल तो हरला. शेवटी ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोठ्याने म्हणाले, "परसात कोणीही पाय ठेवायचा नाही. सांगून ठेवतोय."

मी आशेने कान दिला. आता कारण सांगतील. नुसतं एक वाक्य पुरे होतं.

पण सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, घड्याळाला सांग, परसात कोणी जायचं आणि कोणी नाही, हे घड्याळानं ठरवायचं नसतं."

"सांगितलं ते सांगितलं!" सासरे ओरडले. चपला घातल्या आणि फरशीवाल्याकडे निघून गेले. त्यांच्या मते इशारा देऊन झाला होता. सासूबाईंच्या मते तो हुकूम होता.

पाच मिनिटांच्या आत त्या टोपली घेऊन माझ्यासमोर होत्या. एरवी त्या शेजारच्या तांदुळज्याकडेही वळल्या असत्या. त्या दिवशी मुद्दाम माझेच शेंडे खुडायला लागल्या, कारण मी दारातून पहिली दिसते. खुडताना बडबड चालली होती, "पाय ठेवायचा नाही म्हणे. दोन्ही ठेवते. बसतेसुद्धा."

सून पायरीवर उभी होती. "आई, साबणासारखा वास येतोय का हो?"

मी अंगातलं होतं नव्हतं ते बळ गोळा केलं. हो म्हण. विचार. परत विचार.

"दोरीवर धुणं आहे ना तुझ्या डोक्यावर," सासूबाई न बघताच म्हणाल्या.

त्यांनी माझं खोड बघितलं. पान दाबलं. मोडून बघितलं. पाणी आलं, पांढरा चीक नव्हता. सगळ्या खुणा जुळल्या. मी घोळच होते, माझ्यात खोट काढायला जागाच नव्हती.

मग त्या टोपली घेऊन आत गेल्या आणि नळ सोडला. सून मागे राहिली. तपासणीसाठी ती सकाळपासून उपाशी होती, आणि हल्ली तिला सारखं आंबट खावंसं वाटतं. तिने एकदा खिडकीकडे बघितलं. खाली वाकली. माझ्या उरलेल्या फांदीची पानं तोडली आणि पटकन तोंडात टाकली. एक. दोन. मग आणखी दोन. कच्ची. न धुतलेली. डोळे मिटून चावली, चोरून खाताना लहान मुलं चावतात तशी.

मी ओरडले. झाडांच्या ओरडण्याला आवाज नसतो. एक मुंगी तेवढी थबकली.

आत सासूबाईंनी माझे शेंडे तीन पाण्यांनी धुतले, चिरले, शिजवले. एक घास खाल्ला आणि घड्याळात बघितलं. "झालं. आता तासभर थांब," त्या म्हणाल्या. सून "हो" म्हणाली. तिचा आवाज फार बारीक येत होता.

अर्धा तास झाला असेल, पुढचं दार वाजलं. सासरे आले. तडक मागच्या दाराकडे आले आणि माझे खुडलेले देठ त्यांना दिसले. त्यांचा चेहरा मी तेवढ्या जवळून कधी पाहिला नव्हता. तो मातीच्या रंगाचा झाला.

आणि तरी, ऐका हो, तरी ते आत जाऊन म्हणाले, "सूनबाई, हिला विचार, मागचं काही आणलंय का?"

"आई, बाबा विचारताहेत..."

"सांग, आणलंय. खाल्लंयसुद्धा. गुरासारखं."

तेव्हा कुठे त्यांचा आवाज फुटला. "अगं, थुंक ते! मी सकाळी औषध मारलंय त्याच्यावर. तण मरायचं."

आत काहीतरी खाली पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं. ते थांबल्यावर सासूबाई बोलल्या. त्यांचा आवाज प्रयोगशाळेतला होता. "कुठलं औषध? बाटली द्या."

"कचऱ्याच्या गाडीत गेली."

"नाव?"

"बघितलं नाही. दुकानदारानं काढून दिली."

"किती घातलंत?"

"तो म्हणाला एक टोपण. मी तीन घातली. लवकर मरावं म्हणून."

सासूबाईंनी श्वास घेतलेला मला ऐकू आला. "बरं. ऐका. मी एक घास खाल्लाय, तीन पाण्यांनी धुऊन. पस्तीस मिनिटं झाली. पोरीच्या पोटात काही गेलेलं नाही. नियम होता म्हणून वाचली ती." आणि त्या चक्क हसल्या. "बघितलंत? माझ्या नियमाला हसायचात."

सुनेने पडलेलं झाकण उचलून ठेवल्याचा आवाज आला.

शेजाऱ्यांची गाडी आली. धावपळ, पर्स, कागद, पाण्याची बाटली. सासरे बायकोला धरून नेत होते आणि सारखं काहीतरी बोलत होते, थेट तिच्याशी. सासूबाई म्हणाल्या, "तू घरीच थांब, सूनबाई. उगाच दगदग नको. काळजी करू नकोस."

ती मागच्या दारात आली. माझ्याकडे बघत उभी राहिली. बोटांवर मोजत होती. एक, दोन, तीन, चार. घशात बोटं घालून बघितली, नुसतं पाणी पडलं. मला समजत होतं ती का गप्प आहे. नियम मोडला होता. सासूबाई ज्या नियमाच्या भरवशावर हसल्या होत्या तोच खोटा पडणार होता. आणि बाळ. भीती मोठ्याने उच्चारली की खरी होते, असं काही माणसांना वाटतं. मी तिच्या पायाशी पडून एवढंच म्हणत होते, बाई गं, बोल. माझ्यासाठी नको, मी गेलेच आहे. बोल.

समोर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

ती वळली आणि धावत सुटली. अनवाणी, पोट धरून. "थांबा!" ती ओरडली. इतका मोठा आवाज तिचा असेल असं मला वाटलं नव्हतं. "थांबा, मीपण खाल्लंय! कच्चं! चार पानं, न धुता!"

गाडी थांबली. कोणी रागावलं नाही. सासूबाईंचा आवाज आला, थरथरता, आतली शिस्त सगळी गळून पडलेला, "ये. ये पटकन. माझ्याजवळ बस." दार लागलं. गाडी गेली.

त्याला आता दोन दिवस झाले. ओट्यावर माझी भाजी उघडीच आहे, माश्यासुद्धा बसत नाहीत तिच्यावर. फोन वाजून वाजून थांबतो. फरशीवाला एकदा येऊन दार ठोठावून गेला. तांदुळज्याने काल मान टाकली. चिकाळही वाकली. खाण्याची आणि न खाण्याची, दोघींना त्या पाण्याने सारखंच मोजलं.

आज दुपारी पुढचं दार उघडलं. मुलगा होता, एकटा. दाढी वाढलेली, फोन खांद्याने कानाशी धरलेला. "आईच्या दोन उलट्या झाल्या, पण बोलतेय," तो कोणाला तरी सांगत होता. "हिच्या तोंडात फोड आलेत. बाळाचे ठोके सध्या लागताहेत. उद्या परत बघणार म्हणाले. दुकानदार कानावर हात ठेवतोय, असलं काही विकतच नाही म्हणतो. काय होतं ते कळल्याशिवाय डॉक्टरांना उपचार ठरवता येत नाहीत. म्हणून ते झाडच घेऊन यायला सांगितलंय."

त्याने हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली. खाली बसला. माझ्या बुडाशी बोटं खुपसली. मला कोणी मुळासकट कधी धरलं नव्हतं.

तेव्हा माझं हे शेवटचं बोलणं. तुमच्या दारामागे मी असेनच, कुठल्या तरी फटीत. मला ओळखायला जरूर शिका. माझं खोड बघा, पान दाबून बघा, मोडून बघा. आणि मग मला तिथेच सोडून आधी घरात जा. जो तुमच्याशी रुसलाय त्याच्यासमोर उभं राहून विचारा, तिथे तू काही केलंयस का. उत्तर आल्यावरच खुडा.

आता मी पिशवीत आहे. तोंडाला गाठ बसलीय. आतून सगळं धुरकट दिसतंय आणि मुळांना माती लागत नाही. माझ्या देठात जे आहे ते त्यांना काढून घेता येईल, त्याचं नाव सापडेल. मी कोमेजायच्या आत पोचायला हवं एवढंच. पायरीवर फोनवर बोलत थांबू नकोस, बाबा. ठोके उद्या परत मोजणार आहेत. चल लवकर.